बंद गाडीतली जागी तार

गाडी बंद केली, किल्ली काढली, दारे लावली की आपल्या लेखी गाडी झोपली. घरातला दिवा मालवावा तशी तीही मालवली गेली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मोटारगाडी पुरती कधीच झोपत नाही. तिचे घड्याळ चालू असते, चोराची चाहूल घेणारा गजर चालू असतो. ब्रेकवर पाय पडला तर किल्ली नसतानाही मागचे लाल दिवे लागावेत, अशी सोय असते. म्हणजेच बॅटरीपासून निघालेल्या काही तारांमध्ये रात्रंदिवस वीज उभी असते. एरवी त्यात वावगे काहीच नाही. पण अशा एखाद्या जाग्या तारेच्या टोकाला बसवलेला भागच सदोष निघाला तर?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतल्या गाडीमालकांना १९९९ ते २००९ या दहा वर्षांत मिळाले, आणि ते फार महागात पडले. रात्री गॅरेजमध्ये किंवा अंगणात उभ्या केलेल्या, इंजिन थंड पडलेल्या, किल्ली घरात खुंटीला टांगलेल्या गाड्या आपोआप पेट घेऊ लागल्या. शोध घेता घेता बोट जाऊन थांबले ते मुठीत सहज मावेल अशा एका स्विचवर. त्या स्विचपायी फोर्ड कंपनीला टप्प्याटप्प्याने १ कोटी ४० लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. यातल्या बहुतेक गाड्या आपल्या रस्त्यांवर कधी आल्याच नाहीत. तरीही ही हकिगत आपण समजून घ्यावी अशी आहे, कारण तिच्यातला धडा कुठल्या एका कंपनीपुरता किंवा देशापुरता नाही.

रक्षकच भक्षक

अमेरिकेतले महामार्ग लांबच लांब आणि सरळ. तिथे तासन्‌तास ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसण्याचा कंटाळा येतो, म्हणून गाडीचा वेग आपोआप कायम राखणारी ‘क्रूझ कंट्रोल’ नावाची सोय आली. ब्रेक दाबला की ही सोय तत्काळ सुटली पाहिजे, हे उघडच आहे. ते काम ब्रेकच्या दिव्याचा नेहमीचा स्विच करतो. पण तो ऐनवेळी चुकला तर? म्हणून फोर्डच्या अभियंत्यांनी एक जादा स्विच बसवला. ब्रेक जोरात दाबला गेला की ब्रेक ऑइलच्या दाबाने हा स्विच उघडायचा आणि क्रूझ कंट्रोलची वीज तोडायचा. थोडक्यात, हा भाग निव्वळ सुरक्षिततेसाठी होता. प्रेशर कुकरला शिट्टीखेरीज सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तसाच.

या स्विचच्या एका बाजूला ब्रेक ऑइल आणि दुसऱ्या बाजूला विजेची जोडणी. दोन्हींच्या मध्ये कॅप्टन नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ पडदा. हा पदार्थ काही ऐरागैरा नव्हे. अंतराळयानांच्या आवरणातही तो वापरतात. पण ब्रेकच्या प्रत्येक दाबाबरोबर तो पडदा वाकत होता, सुटला की परत येत होता. वर्षानुवर्षे हे चालले की काही स्विचमधल्या पडद्यांना बारीक चिरा पडत. मग ब्रेक ऑइल थेंबाथेंबाने विजेच्या बाजूला झिरपे. ब्रेक ऑइलला हवेतली आर्द्रता शोषून घेण्याची खोड असते. ओलावा आणि वीज एकत्र आले की धातू गंजतो, गंजातून विजेला आडवाट सापडते, आडवाटेने धावणारी वीज उष्णता निर्माण करते. शेवटी प्लॅस्टिक वितळून पेट घेते आणि शेजारीच ज्वलनशील ब्रेक ऑइलचा साठा असतो.

आता मुख्य मुद्दा. या स्विचला वीज मिळे ती थेट बॅटरीकडून. किल्ली काढली तरी ती बंद होत नसे. शिवाय त्या तारेवरचा फ्यूज इतर कामांसाठीही असल्याने जास्त क्षमतेचा. गळतीने स्विच हळूहळू तापत राही, पण फ्यूज उडण्याइतकी वीज त्यातून जात नसे. मालक झोपलेला, गाडी बंद, आणि बॉनेटखाली ती एक तार जागी.

अमेरिकेत बहुतेक घरांचे सांगाडे लाकडी आणि गॅरेज घराला चिकटून असते. गाडीची आग म्हणजे बघता बघता घराची आग. आयोवा राज्यात २००५ साली अशाच एका घराच्या आगीत वृद्ध स्त्रीचा मृत्यू झाला. गॅरेजमधल्या पिकअप गाडीतल्या या स्विचनेच आग लागली असा दावा करत तिचे कुटुंबीय न्यायालयात गेले. तोवर अनेक कुटुंबांनी आपापली गाडी, गॅरेज, कुठे कुठे अख्खे घर गमावलेले होते.

लहान वर्तुळ, मोठी आग

या हकिगतीतला खरा सल मात्र वेगळाच आहे. दोष १९९९ मध्येच कळला होता. त्या वर्षी फोर्डने १९९२ आणि १९९३ सालच्या क्राउन व्हिक्टोरिया, ग्रँड मार्क्विस आणि लिंकन टाउन कार या सुमारे २ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या. दोष तेवढ्याच गाड्यांपुरता आहे, अशी समजूत करून घेतली गेली. दोषाभोवती एक वर्तुळ आखले गेले आणि वर्तुळाबाहेरचे सारे निर्धास्त झाले.

पण आगीला वर्तुळ ठाऊक नव्हते. दुसऱ्या मॉडेलच्या, दुसऱ्या वर्षांच्या गाड्या पेटतच राहिल्या. जानेवारी २००५ मध्ये आणखी सुमारे ८ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ३८ लाख. २००६ मध्ये सुमारे १२ लाख, ऑगस्ट २००७ मध्ये ३६ लाख आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ४५ लाख. प्रत्येक वेळी वर्तुळ वाढत गेले. पहिल्या आणि शेवटच्या वर्तुळामधल्या दहा वर्षांत कोट्यवधी माणसे त्या गाड्यांत बसून कामावर गेली, मुलांना शाळेत सोडून आली आणि रात्री गाडी घरालगत उभी करून झोपली.

चूक कोणाची, यावर वादही बराच रंगला. स्विच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने बनवलेला. तिचे म्हणणे असे की, स्विच एकटा दोषी नाही. गाडीत तो कुठे बसवला, कोणत्या तारेला जोडला, तेही पाहा. आणि या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. तोच स्विच किल्लीबरोबर बंद होणाऱ्या तारेवर असता, तर रात्रीच्या आगींना निमित्तच उरले नसते. एक भाग दोन कंपन्यांच्या मध्ये येतो तेव्हा जबाबदारी कशी निसटते, याचे हे उदाहरण म्हणता येईल.

इलाज मात्र हास्यास्पद वाटावा इतका साधा निघाला. स्विचच्या तारेत कमी क्षमतेचा फ्यूज असलेली एक छोटी जोडतार घालायची. वीज वाजवीपेक्षा जास्त धावू लागली की तो फ्यूज आधी उडेल आणि आग टळेल. सुरुवातीला ही जोडतार पुरेशा संख्येने तयार नव्हती, म्हणून वर्कशॉपमध्ये स्विचची जोडणी नुसती काढून ठेवत. क्रूझ कंट्रोल चालत नसे, पण घर शाबूत राही.

फोर्डला विजेच्या भागाने दिलेला हा पहिलाच चटका नव्हता. एप्रिल १९९६ मध्ये याच कंपनीने १९८८ ते १९९३ या काळातल्या सुमारे ८७ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. तेव्हा दोष होता किल्लीच्या, म्हणजे इग्निशनच्या स्विचमध्ये. त्यात शॉर्ट सर्किट होऊन स्टिअरिंगच्या दांड्याजवळून धूर निघे, कधी उभ्या गाडीतही. एका कंपनीने एका फटक्यात परत बोलावलेल्या गाड्यांचा तो तोवरचा विक्रम होता.

पत्र येते, पण...

अमेरिकेत हे घडू शकले त्यामागे कायदा आहे. राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ मध्ये मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहून खळबळ उडवली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६६ मध्ये, वाहन सुरक्षेचा कायदा झाला. दोष आढळला तर मालकांना कळवणे कंपनीवर बंधनकारक झाले. १९७४ मध्ये त्यात महत्त्वाची भर पडली ती म्हणजे दुरुस्ती मालकाला फुकट करून द्यायची. कळवणे आणि दुरुस्त करणे, हे या व्यवस्थेचे दोन पाय.

पण तिसरी एक गोष्ट कुठल्याही कायद्याने साधत नाही. पत्र आल्यावर मालकाने गाडी घेऊन जायला हवे. स्विचची एवढी बोंबाबोंब झाली, वर्तमानपत्रांत मथळे आले, तरी लाखो गाड्या दुरुस्तीवाचून तशाच फिरत राहिल्या. सरकारी सुरक्षा खात्याला २००८ मध्ये मालकांना जाहीर आवाहन करावे लागले की, बाबांनो, गाडी घेऊन या.

लोक गेले का नाहीत? कारणे आपल्या घरातली असावीत इतकी ओळखीची आहेत. कंपनीचे पत्र म्हणजे जाहिरात, असे समजून ते न उघडता रद्दीत गेले. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली आणि पत्र पहिल्याच्या पत्त्यावर. ‘आजवर काही झाले नाही, आता काय होणार?’ हे तर जागतिक सुभाषित. आणि ज्याची गाडी दहा वर्षांची जुनी, त्याला एक दिवसाची मजुरी बुडवून वर्कशॉपमध्ये ताटकळणे परवडतेच असे नाही.

आपल्याकडची ‘तसे नव्हे’ची परंपरा

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे ‘रिकॉल’ या शब्दाचीच कंपन्यांना दीर्घकाळ धास्ती होती. टाटांची नॅनो २००९ मध्ये रस्त्यावर आली. त्याच वर्षी तिच्या काही गाड्यांतून धूर येण्याचे प्रकार घडले आणि संशय स्टिअरिंगजवळच्या, दिवे-वायपरच्या एकत्रित स्विचवर गेला. मार्च २०१० मध्ये मुंबईत एका नव्याकोऱ्या नॅनोने शोरूममधून घरी जातानाच पेट घेतला. सुदैवाने आतली माणसे सुखरूप बाहेर पडली. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने विकलेल्या गाड्यांना विजेच्या व्यवस्थेसाठी आणि एक्झॉस्टसाठी जादा संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले. काम चांगलेच होते. पण त्याबरोबर हेही आवर्जून सांगितले गेले की गाडी सुरक्षितच आहे आणि हा काही रिकॉल नव्हे!

हा संकोच एकट्या टाटांचा नव्हता. ‘परत बोलावली’ म्हणजे माल खराब, ही समजूत गिऱ्हाइकांची म्हणजे आपलीच. कंपनी दोष कबूल करते तेव्हा आपण तिला नावे ठेवतो. दोष लपवते तेव्हा आपल्याला पत्ताच नसतो. मग लपवणाऱ्याचा फायदा होणार नाही तर काय? हजारो सुट्या भागांच्या यंत्रात कुठेतरी काहीतरी चुकणे अटळ आहे. ते वेळेत सांगणारा कारखाना गप्प बसणाऱ्यापेक्षा भरवशाचा मानला पाहिजे.

२०१२ च्या जुलैमध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने पाळायची आचारसंहिता आणली आणि ‘रिकॉल’ शब्द आपल्या वर्तमानपत्रांत रुळू लागला. कायद्याचे बळ मात्र २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने दिले. त्यातल्या ११०-अ या कलमानुसार चालकाला, प्रवाशाला, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका पोहोचवणारा दोष आढळला, तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. कंपनीने गाडीची किंमत परत द्यायची, किंवा तशीच दुसरी गाडी द्यायची, किंवा दुरुस्ती करून द्यायची. शिवाय दंड. यातली एक तरतूद मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. कंपनीने दोष स्वतः हेरला, सरकारला कळवला आणि गाड्या परत बोलावल्या, तर तिला दंड नाही. कबुलीला शिक्षा नको, लपवाछपवीला हवी, हे शहाणपण कायद्यात आले आहे.

याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यांत एक मेख आहे. ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती आहे. फोर्डच्या स्विचची हकिगत याच जागी आठवावी. त्या पडद्याला चिरा पडल्या त्या वापराने, वयाने. पहिल्यांदा परत बोलावलेल्या गाड्या सहा-सात वर्षांच्या होत्या आणि २००५ मध्ये बोलावलेल्यांत १९९४ सालच्याही होत्या. काही दोष जन्मतः दिसतात, काही वयात आल्यावर. आपल्याकडे पंधरा वर्षे गाडी वापरणारी कुटुंबे कमी नाहीत. आणि आठव्या वर्षी ती गाडी बहुधा अशा घरी गेलेली असते, ज्याला नवी परवडत नाही. कायद्याचे छत्र नेमके त्याच घराच्या दारात मिटते. हा प्रश्न लोकप्रतिनिधींना आणि ग्राहक संघटनांना विचारायला हवा.

जिन्याखालची स्कूटर

हे सारे मोठ्या मोटारींचे झाले. पण आज आपल्या घराच्या सर्वांत जवळ उभी राहणारी जागी तार विजेच्या स्कूटरमध्ये आहे. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटल्याची दृश्ये देशभर पाहिली गेली. तीही चालत नव्हती, उभीच होती. त्यानंतरच्या महिन्यात त्या कंपनीने, म्हणजे ओलाने, १ हजार ४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. ओकिनावा कंपनीने ३ हजार २१५ बोलावल्या. त्यांतली तपासणी होती बॅटरीच्या सैल जोडण्यांची आणि इजा झाल्याच्या खुणांची. केंद्र सरकारने संरक्षण संशोधन संस्थेच्या अग्निसुरक्षा केंद्राला कारणे शोधायला सांगितले. बॅटरीच्या चाचण्यांचे निकष डिसेंबर २०२२ पासून आणि पुढच्या टप्प्यात मार्च २०२३ अखेरपासून कडक झाले.

आपल्याकडे गॅरेज घराला चिकटून नसते खरे. पण सोसायटीत स्कूटर उभी राहते ती जिन्याखाली, मीटरच्या खोलीशेजारी, चाळीत तर दाराच्या उंबऱ्याशी. आग लागली की माणसांनी उतरायचे ते त्याच जिन्याने. म्हणून चार्जिंगची जागा जिन्यापासून दूर असावी, ही मागणी सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीइतक्याच गांभीर्याने मांडायला हवी.

करायचे काय?

फार काही नाही. एका रविवारचे काम आहे. आरसी बुक काढा. त्यावर चासी नंबर असतो. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो घातला की आपली गाडी परत बोलावलेल्यांपैकी आहे का, ते कळते. तेवढी खटपट नको असेल तर अधिकृत वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा. ही दुरुस्ती फुकट असते; कोणी पैसे मागितले तर लेखी कारण मागा.

गाडी जुनी घेतली असेल तर आरसी बुक आपल्या नावावर आणि आजच्या पत्त्यावर करून घ्या. मोबाइल क्रमांकही बदला. बोलावणे येते ते कागदावरच्या मालकाला. पुण्याची गाडी नाशिकला गेली आणि कागद पुण्यातच राहिला, तर इशारा चुकीच्या दारात पडून राहतो.

तिसरे, आपल्या हातांनी केलेल्या चुका कंपनीच्या माथी मारता येत नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानात मूळ वायर सोलून जादा दिवे, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टिम जोडून घेणे हा आपला आवडता उद्योग. जोडावर नुसती चिकटपट्टी, मध्ये फ्यूज नाही. म्हणजे जी उणीव भरून काढायला फोर्डला दहा वर्षे लागली, ती आपण तासाभरात पैसे मोजून निर्माण करतो. वारंवार फ्यूज उडत असेल तर जाड तार गुंडाळून तो ‘पक्का’ करू नका. तो उडतो म्हणजे आपले काम करतो. ब्रेक ऑइल वरचेवर कमी होत असेल तर नुसती भर घालून सोडू नका. ते कुठे जाते ते विचारा.

आणि गाडीतून जळकट वास किंवा धूर आलाच, तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, आधी मुले-म्हातारी माणसे उतरवा आणि दूर जा. काय झाले ते पाहायला बॉनेट उघडू नका. आत कोंडलेल्या आगीला हवा मिळाली की ती भडकते. पर्स, कागदपत्रे, डिकीतले सामान, सारे नंतर. मग अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन.

आपल्या घरांत गॅसचा सिलिंडर आला की गळती तपासून घेण्याची सवय आता मुरली आहे. कोणी त्याला भित्रेपणा म्हणत नाही, की गॅस कंपनीचा अपमान मानत नाही. दुचाकी-चारचाकीच्या बाबतीत हीच सवय लागायला हवी. कंपनीने वेळेवर हाक मारली पाहिजे, सरकारने तिला ती मारायला लावली पाहिजे. हाकेला ओ देणे मात्र आपल्याकडे आहे. या आठवड्यात टपालात कंपनीचा लिफाफा आलाच, तर रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवण्याआधी एकदा फोडून वाचा.